तिगावचा चढ आणि दाजींचा धडा

नागपूरहून इटारसीकडे जाणारी रेल्वे पांढुर्णा सोडते आणि थोड्याच वेळात तिगाव नावाचं छोटं स्टेशन येतं. इथपर्यंतची वाट तशी सरळसोट. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मधूनमधून कापूस आणि तूर. तिगावच्या पुढे मात्र जमीन उठू लागते. घुडनखापा, हतनापूर, चिचोंडा अशी स्टेशनं घेत लाइन सातपुड्याच्या पठारावर चढते आणि मुलताईला पोचते. रेल्वेचे लोक या तुकड्याला 'घाट सेक्शन' म्हणतात. पांढुर्णा समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आत, तर मुलताई साडेसातशेच्या आसपास. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या वाटेत अडीचशे मीटरची चढण!

हा चढ साधासुधा नाही. वर मुलताईला तापी उगम पावते आणि पश्चिमेला सुरतेकडे जाते. खाली पांढुर्ण्यातून वाहणारी जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी शेवटी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला पोचतं. आपल्याकडच्या वाचकांना हे नवल वाटायचं नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. पाण्याची वाटणी होते तिथे घाट हा असतोच.

तिगावचं आणि आपलं आणखी एक नातं आहे. 1 नोव्हेंबर 1956 या एकाच दिवशी राज्यांची नवी वाटणी झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. नागपूर मुंबई राज्यात आलं. नागपूरला लागून असलेला छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर, पांढुर्णा, तिगाव ही मराठी बोलणारी गावंही तिकडेच राहिली. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. आजही इथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा कारभार चालतो. आपल्या घरात मराठी-कन्नड चालतं, तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचं नाव पेपरात येतं, पण तिगावला सहसा कुणी जात नाही. आम्ही जातो, कारण माझी अक्का तिथे दिली आहे.

अक्काचं माहेर

नागपूरच्या मामांनी हे स्थळ सुचवलं होतं. मुलगा रेल्वेत, घरी चार एकर संत्री. बेळगावची पोर एवढ्या लांब द्यायची म्हणून आईनं तेव्हा आठ दिवस नीट जेवण केलं नव्हतं. अक्का मात्र तिथे रुळली. मराठीला वऱ्हाडी वळण आलं, हिंदी सफाईदार झाली. पण राग आला किंवा भीती वाटली की तिच्या तोंडून अजूनही पहिला शब्द कन्नडच निघतो.

आई आता एक्याण्णव वर्षांची आहे. तिला बेळगावबाहेर नेणं शक्य नाही. अक्काचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला तास-दीड तासावर एका जागी बसवत नाही. रेल्वेचे डबे बदलणं, उंच पायऱ्या चढणं, संडासाला जाणं हे सगळंच अवघड. सहा वर्षं मायलेकींची गाठ नव्हती. दोघी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवून दोन घरांत दोघी रडायच्या.

यावर तोडगा काढला माझ्या मुलानं. त्यानं एक जुनी, बारा-तेरा वर्षं वापरलेली, चार गिअरची ऑटोमॅटिक डिझेल गाडी घेतली. मागच्या सीटा काढून तिथे एक पलंग, छोटा ओटा, शंभर लिटर पाण्याची टाकी आणि पडद्याआड संडास अशी सोय करून घेतली. बदलाची आर.टी.ओ.कडे रीतसर नोंद केली. परदेशात याला मोटरहोम म्हणतात. आमच्या गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव 'चाकांवरचं घर' ठेवलं. अक्काला पलंगावर झोपवून हजारेक किलोमीटर आणायचं, हा बेत.

निघण्याआधी गाडी एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसानं एक चक्कर मारली आणि सांगितलं, "चढाला इंजिन फार रेस होतंय. गिअरबॉक्स खोलावा लागणार." खर्चाचा आकडा ऐकून मुलगा गप्प झाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलणं म्हणजे जुन्या गाडीच्या किमतीतला मोठा वाटा तिथेच गेला. गाडी सपाटीला छान चालत होती, तेल स्वच्छ होतं. तेव्हा, आधी तिगाव गाठू, दाजींना दाखवू, असं आम्ही ठरवलं.

फेब्रुवारीचा शेवट होता. मृग बहाराची संत्री उतरत होती आणि काही बागांत अंबिया बहाराची फुलं लागली होती. एकीकडे फळांचे ढीग आणि एकीकडे फुलांचा वास. ज्यांनी फक्त गाड्यावरची संत्री पाहिली आहेत त्यांनी एकदा या दिवसांत इकडे यावंच.

"बेड, बेड, परत फिरव!"

अक्काला सवय व्हावी म्हणून दुसऱ्या दिवशी मुलताईला तापीच्या दर्शनाला जायचं ठरलं. अक्का मागे पलंगावर, तिच्याजवळ माझी बायको, मुलगा चालवायला, त्याच्या शेजारी मी. दाजी आमच्या मागच्या छोट्या सीटवर.

चढ लागला आणि गाडीनं सूर बदलला. इंजिन एकदम मोठ्यानं गुरगुरलं, काही क्षणांनी शांत झालं, पुन्हा गुरगुरलं. चौथा, तिसरा, चौथा, तिसरा असा तिचा हेलकावा चालला. समोरच्या काट्यावर इंजिनाचे फेरे कधी तेराशे, कधी दोन हजार. पुढे चढ आणखी उभा झाला तेव्हा गाडीनं दुसरा गिअर घेतला आणि काटा अडीच हजारांवर गेला. आवाजानं ओट्यावरचे पेले थरथरू लागले.

मागून अक्का ओरडली, "बेड, बेड! परत फिरव. ही गाडी फुटणार कुठे तरी. मला नाही यायचं हिच्यातून बेळगावला."

माझी बायको म्हणाली, "वन्सं, काही होत नाही." पण तिचाही आवाज बसला होता. गॅरेजवाल्याचं बोलणं आम्हा सगळ्यांच्या मनात होतं. अक्का आत्ता नाही म्हणाली तर पुन्हा कधी हो म्हणणार? आणि आईकडे किती दिवस आहेत?

दाजींनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. खाली उतरले, बॉनेटजवळ कान दिला, पाण्याच्या काट्याकडे पाहिलं. काटा होता तिथेच, मधोमध. वास कसलाच नव्हता. मग ते अक्काला म्हणाले, "अवो, इंजिन वरडते तवा ते काम करून राह्यलं असते. ते गुदमरते तवा भ्यायचं."

दाजी 1972 साली रेल्वेत लागले आणि 2010 साली मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. हा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही.

इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे

दाजींनी सुरुवात आपल्या जुन्या डिझेल इंजिनापासून केली. त्यांच्या उमेदीच्या काळात मालगाड्यांना डब्ल्यू.डी.एम.-2 जातीचं डिझेल इंजिन असे. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. त्यात मोटारीसारखा गिअरबॉक्स नसतो. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. ड्रायव्हरच्या हाताशी आठ खाचांचा दांडा. पहिल्या खाचेत इंजिन हळू, आठव्या खाचेत मिनिटाला हजार फेरे.

"आता पाय," दाजी म्हणाले, "घाटात मालगाडी सायकलच्या वेगानं चालली तरी इंजिन आठव्या खाचेत, पुऱ्या हजार फेऱ्यावर. बाहेरचा मानूस म्हणन, गाडी चालत नाही नि आवाज किती! पन ओझं वर चढवाची ताकद त्या फेऱ्यांतूनच येते."

शाळेत शिकवताना मी हेच मुलांना फळ्यावर सांगत असे. इंजिनाची ताकद म्हणजे एका फेऱ्यातला जोर गुणिले फेऱ्यांची संख्या. विहिरीचं पाणी काढायचं तर मोठी घागर हळूहळू ओढता येते किंवा छोटी कळशी भराभर ओढता येते. तेवढ्याच वेळात तेवढंच पाणी. पण मोठ्या घागरीनं कंबर धरते! इंजिनाचंही तसंच. वरच्या गिअरात, कमी फेऱ्यांवर चढ चढवायला लावला तर प्रत्येक फेऱ्याला इंजिनावर जास्त ओझं येतं. आवाज कमी, म्हणून आपल्याला बरं वाटतं. पण ते धापा टाकतं, काळा धूर सोडतं, तापतं. खालच्या गिअरात फेरे वाढतात, प्रत्येक फेऱ्याचं ओझं कमी होतं. शिवाय पाण्याचा आणि तेलाचा पंप इंजिनाबरोबरच फिरतात. फेरे वाढले की पाणी आणि तेलही जोरात खेळतं, म्हणजे थंडावाही जास्त.

आमच्या गाडीचे आकडे मुलानं कागदावर लिहून काढले. ते असे:

सपाटीला ताशी 80 किलोमीटर वेगात, चौथ्या गिअरात इंजिनाचे मिनिटाला सुमारे 1800 फेरे. त्याच वेगात तिसरा गिअर पडला तर सुमारे 2600. घाटात वेग 50 वर आला की चौथ्यात जेमतेम 1100, तिसऱ्यात 1600, दुसऱ्यात 2400. आमच्या काट्यावरचा लाल पट्टा चार हजारांच्या पुढे सुरू होतो.

म्हणजे चढाला जो काटा अडीच हजारांवर पाहून आम्ही घाबरलो होतो, तो लाल पट्ट्यापासून कितीतरी दूर होता. आवाज मोठा होता, एवढंच.

गिअरबॉक्सला घाट दिसत नाही

आता प्रश्न उरला हेलकाव्याचा. गाडी चौथा-तिसरा का खेळत होती? हे समजण्यासाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात थोडं डोकवावं लागेल. वाचकहो, घाबरू नका, यात अवघड काही नाही.

साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लच असतो. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी तेलानं भरलेला एक डबा असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरायला लागतो. तसंच इथे. वाऱ्याऐवजी तेल. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. म्हणून सिग्नलला गाडी गिअरात उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. दोन पंख्यांच्या मध्ये तेल वळवणारी आणखी एक छोटी चकती असते, तिच्यामुळे गाडी उचलताना इंजिनाचा जोर वाढून मिळतो. एका पंख्याची गती दुसऱ्याला पूर्ण मिळत नाही, थोडी घसरण होते. त्या घसरणीची होते उष्णता. म्हणून सपाटीला वेग आला की आतला एक क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतो आणि घसरण थांबते.

गिअर कधी बदलायचा हे गिअरबॉक्स मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरवतो. गाडीचा वेग किती आणि ड्रायव्हरचा पाय किती दाबलेला. फार जुन्या गाड्यांत हा निर्णय तेलाच्या दाबांच्या झटापटीतून होत असे. एक दाब वेगाबरोबर वाढणारा, दुसरा पायाबरोबर. जो जिंकेल त्याच्या बाजूनं गिअर. पुढे हे काम इलेक्ट्रॉनिक पेटीकडे गेलं. पण मूळ प्रश्न तेच दोन. अमेरिकेत 'हायड्रामॅटिक' नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक 1940 सालच्या गाड्यांपासून विकला जाऊ लागला, तेव्हापासून हीच रीत.

म्हणजे काय झालं? चढ आला, वेग घटला, मुलानं पाय दाबला. गिअरबॉक्सला वाटलं, ताकद हवी आहे. त्यानं तिसरा टाकला. गाडीनं वेग घेतला, मुलानं पाय उचलला. गिअरबॉक्सला वाटलं, काम झालं. त्यानं चौथा टाकला. पण चढ तर संपलेलाच नव्हता! पुन्हा वेग घटला, पुन्हा पाय. असं ते चक्र. दर वेळी जखडलेले पंखे सुटतात, तेल घसरतं, तापतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खरा वैरी इंजिनाचा आवाज नव्हे, हे तापलेलं तेल आहे.

दाजींनी याचं सार एका वाक्यात सांगितलं. "भाऊ, त्या डब्याले मागं काय झालं ते समजते, पुढं काय हाय ते दिसत नाही. घाट दिसते तो तुमाले."

मालगाडी तिगावला येते तेव्हा घाट अजून पुढे असतो, पण तयारी आधीच झालेली असते. जड गाडीला घाटात मागून जोर द्यायला दुसरं इंजिन लागतं, त्याला बँकर म्हणतात. चढावर अडकल्यावर बँकर शोधत बसायचं नसतं. तीच गोष्ट मोटारीची. आमच्या गाडीच्या दांड्याला एक छोटं बटण आहे, ओव्हरड्राइव्ह बंद करायचं. ते दाबलं की चौथा गिअर मिळतच नाही. दांड्यावर 2 आणि एल असेही आकडे आहेत. बहुतेक मालक ते वर्षानुवर्षं वापरतच नाहीत. डी वर टाकली की झालं, असा समज.

मुलानं बटण दाबलं आणि गाडी पुन्हा रस्त्याला आणली. हेलकावा थांबला. जिथे चढ उभा होता तिथे त्यानं दांडा 2 वर घेतला, पाय अर्धाच ठेवला आणि ताशी 45-50 च्या वेगात गाडी एकाच सुरात वर निघाली. आवाज होता, पण तो आता तुटक नव्हता. अक्काचं बोलणं थांबलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता कशी गिरणीसारखी चालली आहे." पिठाच्या गिरणीच्या आवाजाला कोण भितं?

उतार म्हणजे दुप्पट काळजी

तापीच्या कुंडाला नमस्कार करून आम्ही परत फिरलो. दाजींनी या वेळी मला चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. म्हणाले, "चढताना गाडी थकते, उतरताना मानूस फसते."

हिशेब सोपा आहे. आमची गाडी माणसं, पाणी, सामान धरून तीन टनांच्या आसपास. तिला अडीचशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती साधारण दोन युनिट विजेइतकी. तेवढ्यात वीस-बावीस लिटर गार पाणी उकळेल! ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो, आणि ऐन वळणावर पाय दाबावा तर गाडी म्हणावी तशी थांबत नाही. डी वर ठेवून नुसता ब्रेक दाबत उतरणं म्हणजे हेच. पाय गॅसवर नाही आणि वेग वाढतोय, म्हणून बिचारा गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो. त्याला उतार दिसत नाही ना!

म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. दांडा 2 वर ठेवला की चाकं इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन गाडीला मागे खेचून धरतं. फेरे वाढतात, आवाजही वाढतो. पण या वेळी डिझेल जवळजवळ जळतच नसतं. वेग फार वाढला तरच ब्रेक थोडा पण ठामपणे दाबायचा, वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण सोडायचा, म्हणजे ब्रेकला वारा लागतो. दाजींनी रेल्वेत आयुष्यभर हेच केलं. ते शेजारून फक्त एवढंच म्हणत होते, "आता सोडा. आता धरा. आता सोडा."

आपल्याकडे काही जण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. कृपा करून हे करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नव्या गाड्या गिअरात पाय उचलला की इंधन तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे वाचतही नाही.

खरा बिघाड कसा ओळखायचा?

घरी आल्यावर मुलानं गॅरेजवाल्याचा प्रश्न काढला. दाजी म्हणाले, इंजिनाचे फेरे वाढले तेव्हा गाडीला जोर आला का? आला. गिअर पडताना झटका बसला? नाही. मग गिअरबॉक्स आपलं काम करतोय. पुढे नागपूरला ऑटोमॅटिकची कामं करणाऱ्या एका जाणत्या मिस्त्रीकडून खात्री करून घेतली. त्यानं तेल तपासलं, ते बदलून दिलं आणि गिअरबॉक्स खोलायची गरज नाही म्हणून सांगितलं.

कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर या खुणा लक्षात ठेवाव्यात. फेरे वाढले आणि गाडीनं खालच्या गिअरचा जोर दाखवला, तर ते निरोगी लक्षण. फेरे वाढले, आवाज वाढला, पण वेग जागचा हलत नाही, तर आत घसरण आहे. दांडा डी वर टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी हिसका देऊन हलते, तेल तांबडं न राहता काळपट झालं आहे, त्याला करपट वास आहे, तर वेळ न घालवता दाखवावं. तेल किती दिवसांनी बदलायचं आणि कसं मोजायचं हे गाडीच्या पुस्तकातच पाहावं, कारण प्रत्येक गाडीची रीत निराळी. चढावर पाण्याचा काटा वर सरकू लागला तर आधी एसी बंद करावा, वेग उतरवावा, तरी थांबला नाही तर गाडी सावलीत उभी करावी.

माझा एक विद्यार्थी अमेरिकेत असतो. तिथे आपली मराठी कुटुंबं सुट्टीत जुन्या मोटरहोम भाड्यानं घेऊन डोंगरांत जातात. यातल्या बऱ्याच गाड्यांना फोर्डचं 6.8 लिटरचं दहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं, 1997 पासून ते बरीच वर्षं चाललं. ते इंजिन दोन सीटांच्या मधोमध, एका झाकणाखाली, पायाशीच बसवलेलं. घाट लागला की ते चार हजार फेऱ्यांवर जातं आणि घरातल्या घरात बोललेलं ऐकू येत नाही. त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला. म्हणाला, "सर, आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोनं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती." घाटाची भीती सगळीकडे एकच.

आपल्या घाटांसाठी

आम्ही अक्काला आणलं. नागपूर, वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, विजापूर अशी वाट धरली. दोन मुक्काम केले. तुळजापूरचा घाट सोलापूरकडे उतरताना इंजिन पुन्हा मोठ्यानं बोलू लागलं तेव्हा अक्का पलंगावर पडल्या पडल्या संत्रं सोलत होती. माझ्या बायकोला म्हणाली, "दुसऱ्यात घातली असेल बघ." सोलापूरच्या पुढे पाट्या कन्नड झाल्या तशी तिची भाषाही बदलली आणि मुलाला "निधान होगो" असं बजावू लागली. बेळगावला आईच्या खोलीत दोघींचं काय बोलणं झालं ते मी लिहीत नाही. आम्ही सगळे बाहेरच थांबलो होतो.

आता आपल्याबद्दल. 2014 पासून मारुतीच्या सेलेरिओनं क्लच नसलेली गाडी साध्या घरांच्या आवाक्यात आणली आणि आज आपल्या गल्लीबोळांतही अशा गाड्या दिसतात. यातल्या बऱ्याच गाड्यांत ए.एम.टी. असतो. त्यात तेलाचे पंखे नसतात. गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. पण दोष तोच, त्यालाही घाट दिसत नाही. अशा गाडीला एम अशी खूण आणि अधिक-उणे चिन्हं असतात. घाटात दांडा तिकडे घ्यावा आणि गिअर आपण ठरवावा. चढावर थांबून निघताना ती थोडी मागे सरकू शकते, तेव्हा हातब्रेकचा आधार घ्यावा. आणि अरुंद घाटात वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. हा नियमही आहे आणि माणुसकीही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यातले कितीतरी जण चोर्ल्यानं गोव्याला जातील, आंबोलीनं सावंतवाडीला, अनमोडनं मोल्याला. मागच्या सीटवर आजी असेल, नातवंडं असतील. कणकुंबी मागे पडली आणि रस्ता खाली झुकू लागला, की पहिल्या वळणाआधीच हात दांड्याकडे न्यावा. इंजिन मोठ्यानं बोलेल. बोलू द्यावं. आजी घाबरली तर तिला सांगावं, की ते गाडीला मागून धरून ठेवतंय.